मामांचा लोखंडी गडी

मी डिप्लोमाला वसतिगृहात होते तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या मुलीने भावाकडून एक पेन ड्राइव्ह आणला होता. सिनेमे असतील म्हणून आम्ही तो लॅपटॉपला लावला, तर निघालं एक जुनं जपानी कार्टून. ती मुलगी थोड्याच वेळात झोपून गेली. मी मात्र पांघरूण खांद्यावर घेऊन बसले ती बसलेच.

पहिल्याच दृश्यात रखरखीत माळ होता. नजर जाईल तिथवर दगड आणि मधेच एखादं वाळलेलं झुडूप. मोठ्या काठाच्या टोप्या घातलेली, कमरेला पिस्तुलं लावलेली माणसं सावली धरून बसलेली. मग धुळीच्या लोटातून एक यंत्र आलं. आमच्या शाळेच्या इमारतीहून उंच, दोन पायांवर चालणारं, पत्रा जागोजागी चेपलेला. त्याच्या छातीत एक तरणा गडी बसला होता आणि त्याच्या हातात चक्क स्टिअरिंग होतं.

माझ्या वडिलांचं चौसाळ्याला हायवेलगत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. क्लच प्लेट, ऑइल सील, फॅन बेल्ट यांच्यातच मी लहानाची मोठी झाले. लोखंडाची राक्षसी माणसं मी टीव्हीवर आधीही पाहिली होती, पण ती सगळी चकचकीत असायची. आकाशातून यायची, हातातून वीज सोडायची आणि कधी बिघडायची नाहीत. या यंत्राला पेट्रोल लागत होतं. त्याचा रेडिएटर तापायचा. चढावर ते दम टाकायचं आणि आतला गडी त्याला शिव्या घालायचा. मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी एकटीच हसत सुटले.

गोष्ट साधी होती. त्या माळावरून एक मोठा काफिला हिंडतो. गाड्या, गुरं, बायकापोरं, भांडीकुंडी सगळं बरोबर. एक म्हातारा त्याचा म्होरक्या. पाणी आणि खाणी ज्यांच्या ताब्यात आहेत ते धनदांडगे त्यांना कुठे टिकू देत नाहीत. तो तरणा गडी आपलं यंत्र घेऊन काफिल्यात येतो, आणि मग पुढचं सगळं. पण मला भुरळ घातली ती बारीकसारीक गोष्टींनी. मारामारी झाल्यावर कुणीतरी झाडलोट करायचं. प्रत्येक भागात कुणी ना कुणी जेवताना दिसायचं. यंत्राचा तुटलेला हात पुन्हा जोडायला अख्खा भाग जायचा. हे सगळं कोणीतरी हाताने, एकेक चित्र काढून केलं होतं, माझ्या जन्माच्याही आधी. नंतर परीक्षा आल्या, गेल्या. मी ते कार्टून फोनमध्ये घेऊन ठेवलं आणि कधी पुसलं नाही.

लग्न होऊन मी बीडजवळच्या पालीच्या पलीकडे, बिंदुसरेच्या धरणाला लागून असलेल्या वस्तीवर आले. घर मेंढपाळांचं. माझे पती पिकअप चालवायचे; त्यांची माझी ओळख वडिलांच्या दुकानातलीच. थोरले दीर मेंढरं सांभाळायचे, आणि त्या सगळ्यांच्या वर सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. म्हणायचे म्हणजे काय, मामांना हाक मारायची वेळ क्वचितच यायची. डोक्यावर पदर घ्यायचा, चहा त्यांच्यापुढे ठेवायचा आणि मागं सरायचं, एवढाच आमचा संबंध. मामा उंच, काटक. आयुष्यभर मेंढरांमागे चाललेला माणूस. जेवायचे तेही उकिडवे, जणू आता उठायचंच आहे.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीआधी मामा पडले. धरणाच्या वरच्या अंगाला कोकरू उतारावर अडकलं होतं, त्याला काढायला गेले आणि दगडावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. बीडला ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाबा, आता वॉकर घेऊन रोज चालायचं. झोपून राहिलात तर झोपूनच राहाल."

दिवाळी झाली की मेंढरं गोदाकाठाकडे न्यायची वेळ येते. मामांच्या जागी माझ्या पतींना जावं लागलं. पिकअप दारात उभी करून, वर ताडपत्री टाकून ते थोरल्या दिरांबरोबर गेले. थोरल्या जाऊबाई आणि त्यांची मुलंही बिऱ्हाडाबरोबर गेली. मेंढरं निघाली त्या सकाळी घंटांचा आवाज लांब जाईपर्यंत मामा ओसरीतल्या बाजेवर डोळे मिटून पडून होते. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ते बोलेनासेच झाले. जेवण अर्धं टाकायचे. वॉकर कोपऱ्यात उभा होता. एकदाही त्यांनी त्याला हात लावला नाही. आत्यांनी चार वेळा सांगून पाहिलं. "म्या काय लंगडं शेरडू हाय का?" एवढंच म्हणाले. शेवटी आत्या त्या वॉकरवर ओले टॉवेल वाळत घालायला लागल्या.

एका दुपारी मी आतल्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आत्या शेळीला पाला आणायला गेल्या होत्या. घरात फार सुनं वाटत होतं म्हणून मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ते कार्टून लावलं. त्यात नेमकी गोळीबाराची धामधूम चाललेली. ओसरीतून आवाज आला.

"कोन मारायलंय गं कोनाला?"

मी घाबरून फोन बंद केला. "काई न्हाई मामा. कार्टून हाय."

"मंग बंद कावून केलं? हिकडं आन."

मी पदर सावरून ओसरीत गेले आणि बाजेवर उशीला टेकवून फोन ठेवला. मामा कुशीवर वळले. वळताना कळ आली असणार, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. तो भाग त्यांनी संपेपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "ही मान्सं पानी कुठून आनतेत?"

"त्याच्यावरूनच सगळा झगडा हाय मामा. पुढच्या भागात दाखवलंय."

"लाव मंग."

दुसरा भाग लावला. पाण्याच्या टाकीवरून मारामारी झाली. लोखंडी यंत्र खडकात पाय रुतवून उभं राहिलं. मामांनी बोट केलं. "ह्यो लोखंडी गडी पाय बराबर टाकतो बघ. आधी टाच. निसरड्यावर असंच टाकावं लागतंय." मग जरा थांबून, "मला त्या दिशी ध्यान न्हाई राह्यलं."

पडल्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते.

"देश कोनता ह्यो?"

"काढलंय जपानात."

"जपानात असला माळ हाय?"

"न्हाई. तिथं लई पाऊस. हिरवंगार असतं म्हनतेत."

"मंग ह्यांनी बघितला कुठं?"

"अमेरिकेच्या सिनेमांत बघितला असंल. घोड्यावरची मान्सं, टोप्या, बंदुका, ते तिकडलंच हाय."

मामांनी फोन डोळ्यांजवळ ओढला. "सिनेमात बघून काढलं? आन धुळीचा रंग बराबर काढला. दुपारची येगळी, सांजंची येगळी." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, चांगलं जनावर पाहिल्यावर असतं तसं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या त्यांनीच हाक मारली. "सूनबाई, त्ये लोखंडी गड्याचं लाव."

मी फोनची वायर ओसरीतल्या टीव्हीला जोडली. अडचण भाषेची होती. माणसं जपानीत बोलायची, खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि मी ती वाचून मराठीत सांगायचे. पहिले काही दिवस मी शाळेतल्या धड्यासारखं सांगितलं. "तो म्हणतो, मी तुमच्या अन्यायाचा बदला घेतल्याशिवाय राहणार नाही."

मामांनी तोंड वाकडं केलं. "असं कोन बोलतंय? बंदूक रोखलेला मानूस इतकं लांबडं बोलंल व्हय? 'तुला सोडत न्हाई बे', बास."

मग मी तसंच बोलायला लागले. हळूहळू मला त्याची गोडी लागली. ओठ हलायला लागले की वाक्य सुरू करायचं आणि ओठ मिटले की संपवायचं. जपानी माणूस लांबलचक बोलायचा तेव्हा मी मधे आमच्याकडची एखादी शिवी घालून भरती करायचे. आत्या आधी "दुपारचा टीव्ही कसला बघतेत" म्हणून कुरकुरल्या. मग सूप घेऊन उंबऱ्यात बसल्या. मग आतच आल्या. शेजारच्या चुलत जाऊबाई यायला लागल्या. आणि मामांचे एक जुने दोस्त यायला लागले. ते शेतकरी. त्यांच्या शेतात आमची मेंढरं वर्षानुवर्षं लेंडीखतासाठी बसतात. दोघांनी उभा जन्म एकमेकांना "अबे" म्हणण्यात काढलेला.

दोस्तांनी पहिल्याच दिवशी खाणमालकाचं काम मागून घेतलं. "ह्यो बदमाश माझ्याकडं. मला जमतंय."

"तुला जमनारच की," मामा म्हणाले आणि काफिल्याच्या म्होरक्याचं बोलणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी दोघांना वाक्याचा अर्थ आधी सांगायचे आणि मग ते आपल्या मनाने बोलायचे. खाणमालक म्हणायचा, "अबे, पानी पाह्यजे तर गुडघ्यावर ये!" आणि मामा बाजेवरून उत्तर द्यायचे, "गुडघे दुखतेत माझे. तूच ये की वर." मूळ गोष्टीत असलं काही नव्हतं. पण मला अजूनही वाटतं, ज्यांनी ते काढलं त्यांनी ऐकलं असतं तर त्यांना राग आला नसता.

तरण्या गड्याचं काम माझ्याकडे होतं. इथं पंचाईत झाली. त्या गड्याचं आणि म्होरक्याचं पटत नसतं; तो म्हाताऱ्याला येता-जाता टाकून बोलतो. मी पहिल्यांदा म्हणाले, "अहो आजोबा, जरा बाजूला होता का, यंत्र मी चालवतो."

मामांनी हात वर केला. "थांबव गं ते." मी थांबवलं. "बंदूक घिऊन आलेलं पोरगं अहो म्हनतंय का? सगळी मजा घालवली. नीट बोल."

"मामा, कसं बोलू?"

"तू कुठं बोलायलीस? ते पोरगं बोलायलंय."

मी एकदा आत्यांकडे पाहिलं, पदर कपाळापर्यंत ओढला आणि म्हणाले, "अबे म्हाताऱ्या, सरक बाजूला! गाडी मी चालवनार!"

आत्यांचं सूप हातातच राहिलं. "आगं बाई! सुनेनं सासऱ्याला..."

मामा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खुब्यात कळ आली, तरी हसतच राहिले. पडल्यापासून त्या घरात कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आत्यांनी डोळ्याला पदर लावला आणि तुरीचा भुस्सा डोळ्यात गेल्यासारखं केलं.

संध्याकाळी माझ्या पतींचा फोन आला की मी त्यांना सगळं सांगायचे. गोदाकाठी रेंज मिळायची तेव्हाच बोलणं व्हायचं. ते हसायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "चालायलेत का?" मी म्हणायचे, "न्हाई अजून."

नंतर बीडला तपासणीला नेलं. डॉक्टर कडक बोलले. मांडीचे स्नायू सुकत चाललेत, आणखी असेच पडून राहिलात तर पुढे कुणी काही करू शकणार नाही, म्हणाले. घरी आल्यावर मामांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. टीव्ही नको म्हणाले. मी दुपारी नुसतीच ओसरीच्या दारापर्यंत जाऊन परत यायचे. मला राग येत होता आणि राग कुणावर हेही कळत नव्हतं.

असे काही दिवस गेल्यावर दोस्त उगवले. दारातूनच ओरडले, "अबे, माझा खाणमालक अर्धाच राह्यलाय. तुला उठायचं नसंल तर नको उठू, पर मला बोलू दे की. लाव गं बाई."

मी टीव्ही लावला. पुढचा भाग कोणता आहे हे मला ठाऊक होतं. त्या भागात म्होरक्या जखमी होऊन गाडीत पडून असतो. मला इथंच टाका आणि पुढे जा, म्हणतो. काफिला खोळंबतो. कुणाचं धाडस होत नाही. मग तो तरणा गडी गाडीत शिरतो आणि त्याच्यासमोर उभा राहतो.

खाली इंग्रजीत एवढंच आलं: ऊठ, म्हाताऱ्या.

मी ते म्हणाले आणि तिथं थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही. "ऊठ की म्हाताऱ्या! सगळा काफिला तुझ्या तोंडाकडं बघायलाय. तुझी मान्सं तिकडं नदीकाठी रोज इचारायलीत, उठला का म्हनून. काय सांगू त्यान्ला? भिंतीकडं तोंड करून पडलाय म्हनून सांगू?"

पडद्यावर गड्याचे ओठ केव्हाच मिटले होते. दृश्यही बदललं होतं; कुणीतरी यंत्राच्या गुडघ्याला तेल घालत होतं. चुलत जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. आत्या जमिनीकडे बघत होत्या. काफिल्यात नदी कुठेच नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मामा छताकडे बघत होते. मग म्होरक्याच्या आवाजात, पण अगदी हळू, म्हणाले, "उठतो. पन पडलो तर?"

"पडलास तर मी धरते," मी म्हणाले.

दोस्तांना राहवलं नाही. "अबे, गडी असून 'धरते' काय म्हनायलाय?"

"गप बे," मामा म्हणाले. "बराबर म्हनली ती." आणि आत्यांकडे वळून, "ते टावेल काढ त्याच्यावरचे."

आत्यांनी वॉकर आणला. दोस्तांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. आमच्याकडे सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. मी त्यांच्या कोपराखाली हात घातला तेव्हा दंड नुसतं हाड आणि कातडी असल्याचं कळलं. ते उभे राहिले. घाम फुटला. वॉकर पुढे सरकवला आणि एकदम अंग टाकलं, तसा उजवा पाय लटपटला. मी सगळं वजन अंगावर घेतलं आणि माझ्या तोंडून वडिलांच्या दुकानातलं वाक्य निघालं, "मामा, क्लच एकदम सोडू नका! हळू सोडा, हळू!"

"हळू सोडतो," मामा दात आवळून म्हणाले. "आधी टाच."

त्या दिवशी ते ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. बाजेवर बसले, पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, "फुडचा भाग लाव."

सगळं सरळ झालं असं नाही. कधी पायाला सूज यायची, कधी चिडचिड व्हायची, एकदा तर त्यांनी वॉकर अंगणात ढकलून दिला आणि नंतर स्वतःच आणायला लावला. पण चालणं सुटलं नाही. आमचा नेम असा ठरला की आधी चालायचं, मग टीव्ही. आत्या हा नेम डॉक्टरांपेक्षा कडक पाळायच्या. होळीपर्यंत ते अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत जायला लागले. पुढे वॉकर सुटून काठी आली. उन्हाळ्यात दिवस कलला की ते दोस्तांबरोबर धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन बसायचे. दोघं तिथं खाणमालक आणि म्होरक्याच्या आवाजात भांडतात, असं गुराख्यांनी मला सांगितलं.

मेंढरं परत आली तेव्हा आधी कुत्रं पळत आलं. मागून धूळ, मग घंटा, मग घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड. मामा रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभे होते. माझे पती पुढे चालत होते. वडिलांना उभं पाहून ते जागीच थांबले, तशी मागची मेंढरं त्यांच्या पायांत घुटमळली. मामांनी एका मेंढीला ओढून तिचा कान तपासला, तिला सोडलं आणि म्हणाले, "वाळलीत लई. चारा न्हवता का तिकडं?"

शेवटचा भाग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. त्यात काय होतं ते सांगत नाही. कुणाला पाहायचं असेल तर त्याची मजा जाईल. एवढंच की यंत्र फार मोडतं, आणि तरी चालतं. मामा शेवटी म्हणाले, "चांगली मान्सं असतील काढनारी. एकाला बी उपाशी न्हाई ठिवलं." कलाकृतीची इतकी नेमकी स्तुती मी कॉलेजात कुणाकडून ऐकली नाही.

मामा आता मेंढरांबरोबर लांब जात नाहीत. सकाळी धरणाच्या कडेने कोकरं फिरवतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी विचारलं, "दुसरं न्हाई का तसलं?" मी शोधून एक आणलं. नवं, झगझगीत, अवकाशातलं. यंत्रं आरशासारखी, माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. मामांनी दोन भाग सोसले. "धूळ न्हाई," म्हणाले. "आन कोनी जेवत बी न्हाई." दोस्तांना त्यातला बदमाश फार शहाणा वाटला.

मग आम्ही जुनंच परत पहिल्यापासून लावलं. या खेपेला आत्यांनी म्होरक्याच्या बायकोचं काम मागून घेतलं. ती बाई मूळ गोष्टीत जेमतेम दोनदा दिसते, पण आत्यांना त्याचं काही नाही. खाणमालकाने काफिला घेरला, दोन्हीकडून बंदुका रोखल्या गेल्या, सगळे श्वास रोखून बसले, आणि उंबऱ्यातून आत्यांचा आवाज आला, "आधी जेवून घ्या दोघंबी. मंग घाला गोळ्या."